विरोधाची जुळणी: हेराक्लिटस, धनुष्य आणि ताण यांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एकमेकांच्या उलट ओढणाऱ्या गोष्टी एकत्र नांदतात आणि त्या ओढाताणीवरच एखादी वस्तू उभी असते, ही कल्पना अनेक देशांत, अनेक काळांत सापडते. या पानावर तिच्या ग्रीक घराण्याबद्दल लिहिलं आहे, मुख्यतः एफिससच्या हेराक्लिटसबद्दल. बाकीच्या बहुतेकांनी ही कल्पना शेवटी कुठेतरी गोड करून टाकली. हा गृहस्थ तसा नव्हता. कंसातले आकडे हर्मान डील्स या जर्मन अभ्यासकाने वचनांना लावलेले क्रमांक आहेत; जगभर तेच वापरले जातात. प्रश्न ओळीने वाचायलाच हवेत असं नाही.

एका दमात सांगायचं तर ही कल्पना काय आहे?

धनुष्याचा दांडा सरळ व्हायला बघतो, दोरी त्याला वाकवून धरते. दोघांपैकी कोणीच जिंकत नाही, आणि जोवर जिंकत नाही तोवरच ते धनुष्य असतं. दोरी तुटली तर हातात काठी राहते. दांडा मोडला तर नुसती दोरी. हेराक्लिटसचं म्हणणं असं, की जगातल्या पुष्कळशा गोष्टींची बांधणी आतून अशीच आहे. लोकांना बाहेरून शांत वस्तू दिसते, आतली ओढ दिसत नाही.

हा हेराक्लिटस कोण?

इ.स.पू. 500 च्या आसपासचा ग्रीक विचारवंत. त्याचं गाव एफिसस, आशिया मायनरच्या पश्चिम किनाऱ्यावरचं भरभराटीचं बंदर. आज ते तुर्कस्तानात, इझमीर प्रांतातल्या सेल्चुक गावाजवळ अवशेषांच्या रूपात आहे. 2015 साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत त्याचा समावेश झाला. नदीच्या गाळाने बंदर बुजलं, त्यामुळे आता तिथे उभं राहिलं तर समुद्र बराच लांब दिसतो. हेराक्लिटसच्या काळी शहरावर इराणी साम्राज्याची सत्ता होती.

घराणं खानदानी, जीभ मात्र फटकळ. हर्मोडोरस नावाच्या कर्तबगार माणसाला गावाने हद्दपार केलं, तेव्हा एफिससच्या झाडून सगळ्या मोठ्या माणसांनी फास लावून घ्यावा आणि गाव पोरांच्या हवाली करावं, असं त्याने म्हणून ठेवलंय (121). हेसिअड हा जुना ग्रीक कवी आणि पायथागोरस यांच्याबद्दल त्याचं मत असं, की पुष्कळ माहिती गोळा केली म्हणून शहाणपण येत नाही, नाहीतर ते या दोघांना आलं असतं (40). असा माणूस 'सगळ्यांनी मिळूनमिसळून राहावं' असं सांगायला बसलेला नाही, एवढं ध्यानात ठेवलं तरी पुढचे अर्धे गैरसमज टळतात.

त्याचं पुस्तक वाचायला मिळतं का?

नाही. एकच ग्रंथ होता, आणि तो त्याने आर्टेमिस देवीच्या देवळात ठेवला होता असं जुने चरित्रकार सांगतात. मूळ ग्रंथ गेला. उरली ती इतरांनी उद्धृत केलेली सव्वाशेच्या आसपास वचनं, काही दोन-तीन शब्दांची, काही जेमतेम परिच्छेदाएवढी.

त्यांतली काही उरली कशी, हा किस्सा सांगण्यासारखा आहे. इसवी सनाच्या तिसऱ्या शतकात रोममध्ये हिप्पोलिटस नावाचा ख्रिस्ती धर्मपंडित होता. पाखंडी मतांचं खंडन करणारा भलामोठा ग्रंथ त्याने लिहिला. नोएटस नावाच्या माणसाची शिकवण ख्रिस्ती नाहीच, ती हेराक्लिटसकडून उचललेली आहे, हे त्याला सिद्ध करायचं होतं. त्यासाठी त्याने हेराक्लिटसची वचनं पुराव्यादाखल ओळीने मांडली. धनुष्याचं वचन त्यातच आहे. या ग्रंथाचा मोठा भाग शतकानुशतकं बेपत्ता होता. त्याचं हस्तलिखित 1842 साली ग्रीसमधल्या अ‍ॅथॉस पर्वतावरच्या मठांतून हाती लागलं आणि 1851 साली ऑक्सफर्डहून छापलं गेलं, तेही ओरिजेन या भलत्याच लेखकाच्या नावावर. विरोधाची थोरवी सांगणाऱ्या माणसाचे शब्द त्याच्या विचारांना विरोध करणाऱ्याने जपले. हेराक्लिटसला याची गंमत वाटली असती की नाही कोण जाणे. त्याला गंमत वाटल्याची नोंद फारशी नाही.

धनुष्याचं वचन नेमकं काय आहे?

आशय असा: जे स्वतःशीच फटकून आहे ते स्वतःशी जुळलेलं कसं, हे लोकांना कळत नाही, ती उलट ओढीची जुळणी आहे, धनुष्याची आणि लायर या ग्रीक तंतुवाद्याची असते तशी (51).

हे वचन समजायला त्या काळचं धनुष्य डोळ्यांपुढे आणावं लागतं. ग्रीकांना पूर्वेकडून माहीत असलेलं चांगल्या प्रतीचं धनुष्य एका लाकडाचं नसे. मध्ये लाकूड, धनुर्धराकडच्या अंगाला शिंगाची पट्टी, पलीकडच्या अंगाला स्नायूंचे धागे सरसाने चिकटवलेले. शिंग दाब सोसतं, स्नायू ताण सोसतात. दोरी उतरवली की असं धनुष्य पुढच्या बाजूला, म्हणजे उलटंच वळतं. दोरी चढवायची तर त्याच्या स्वभावाविरुद्ध वाकवावं लागतं. म्हणून तर ग्रीक महाकवी होमरच्या काव्यातला नायक ओडिसिअस याचं धनुष्य त्याच्या बायकोमागे लागलेल्या तगड्या उमेदवारांना वाकवता आलं नाही. आगीवर शेकून, चरबी चोळून पाहिलं, पण व्यर्थ. ओडिसिअस मात्र बसल्या जागी दोरी चढवतो, आणि होमर तिथे नेमकी उपमा देतो ती लायरच्या नव्या खुंटीवर तार चढवणाऱ्या गायकाची. मग ओडिसिअस दोरी छेडून बघतो, तर ती पाकोळीसारखी किणकिणते.

तेव्हा धनुष्य आणि लायर ही जोडी हेराक्लिटसने हवेतून काढलेली नाही. ती ऐकणाऱ्यांच्या कानात आधीच होती. दोन्ही वस्तू अपोलो देवाच्या, एक मारणारी, एक गाणारी, आणि दोन्हींची बांधणी एकच. कासवाच्या पाठीची पेटी, तिला दोन हात, वर आडवी दांडी, आणि आतड्याच्या तारा. दांडी तारांना वर ओढून धरते, तारा दांडीला खाली ओढतात. सैल तार वाजत नाही.

म्हणजे सुवर्णमध्यच ना?

हा सगळ्यात जास्त येणारा प्रश्न, आणि उत्तर स्पष्ट 'नाही' असं आहे.

सुवर्णमध्य ही अ‍ॅरिस्टॉटलच्या नीतिशास्त्रातली गोष्ट: भित्रेपणा आणि आततायीपणा या दोन टोकांच्या मधे शौर्य. तिथे दोन्ही टोकं सोडायची असतात. हेराक्लिटसकडे कोणतंच टोक सोडायचं नाही. धनुष्य म्हणजे अर्धी ओढलेली दोरी आणि अर्धा वाकलेला दांडा असा तह नाही. दोघांनी आपापला जोर पुरता लावलेला असतो. तडजोडीत दोन्ही पक्ष थोडे थोडे सैल होतात. इथे सैल होणं हाच नाश.

हा घोटाळा आजचा नाही. प्लेटोच्या 'सिम्पोझिअम' या संवादात एरिक्सिमाकस नावाचा वैद्य मेजवानीत भाषण करतो आणि हेराक्लिटसला सुधारायला जातो. तो म्हणतो, सूर जुळलेले असताना ते विसंवादी कसे असतील, हे तर हास्यास्पद आहे. हेराक्लिटसला बहुधा म्हणायचं असेल की उंच आणि खालचा सूर आधी वेगळे होते आणि नंतर संगीतकलेने ते जुळवले. ऐकायला किती समंजस वाटतं! आणि नेमकी इथेच कल्पना हातातून निसटते. 'आधी भांडण, नंतर दिलजमाई' हे हेराक्लिटसचं म्हणणंच नाही. भांडण आणि जुळणी एकाच वेळी, एकाच जागी आहेत.

प्लेटोला स्वतःला हे कळत होतं. 'सोफिस्ट' या दुसऱ्या संवादात तो तत्त्वज्ञांच्या दोन प्रकारच्या स्फूर्तिदेवता सांगतो, एक आयोनियाच्या, म्हणजे एफिससच्या बाजूच्या, एक सिसिलीच्या. आयोनियाच्या कडक: दूर जाणारं त्याच क्षणी जवळ येत असतं. सिसिलीच्या जरा नरम: त्या म्हणतात, कधी प्रेमाचं राज्य, कधी कलहाचं, आळीपाळीने. नरम मत सिसिलीतल्या एम्पेडोक्लिझ या तत्त्वज्ञाचं, कडक हेराक्लिटसचं. आपण बहुतेक जण मनाने सिसिलीचे असतो. आज वाद, उद्या समेट, हे पचायला सोपं जातं.

पण स्थिर वस्तूत ताण कुठे असतो? दिसत तर नाही.

हात पुढे करा, कोपर काटकोनात वाकवा, मूठ घट्ट आवळा आणि हात जागच्या जागी कडक धरा. दुसऱ्या हाताने दंड चाचपा. पुढचा स्नायू टणक लागेल. तो कोपर वाकवणारा. आता मागचा चाचपा. तोही टणक. तो कोपर सरळ करणारा. दोघं एकमेकांविरुद्ध पूर्ण कामाला लागलेत आणि हात मात्र हललेला नाही. बघणाऱ्याला वाटेल, माणूस काहीच करत नाहीये.

आपल्याकडे याला तंबोऱ्याइतकं जवळचं उदाहरण नाही. गवई मैफिलीआधी खुंटी पिळतो, घोडीच्या अलीकडचा मणका नखाएवढा सरकवतो, तारेखाली जवारीचा दोरा मागेपुढे करतो, आणि स्वर लागला की तंबोरा मांडीवर निवांत पडलेला दिसतो. तो निवांत नसतो. तारा त्याला सतत आत ओढत असतात आणि दांडी सतत नकार देत असते. आपल्याला ऐकू येतो तो षड्ज. दडलेली जुळणी उघड जुळणीपेक्षा श्रेष्ठ, असं हेराक्लिटसचं एक चार-पाच शब्दांचं वचन आहे (54).

त्याची सगळी उदाहरणं एकाच साच्यातली आहेत का?

मुळीच नाही, आणि ती सगळी एका पोत्यात भरल्यामुळे पुष्कळ गोंधळ झालाय. निदान चार वेगळे प्रकार दिसतात.

काही ठिकाणी विरोध बघणाऱ्यावर अवलंबून आहे. समुद्राचं पाणी सगळ्यात शुद्ध आणि सगळ्यात घाणेरडं: माशांना पिण्याजोगं, जीवनदायी, माणसांना अपेय, जीवघेणं (61). गाढवांना सोन्यापेक्षा कडबा प्रिय (9). यात गूढ काही नाही, कोकणातल्या कुठल्याही कोळ्याला हे मान्य होईल.

काही ठिकाणी एकाच गोष्टीची दोन नावं आहेत. चढ आणि उतार हा रस्ता एकच (60). खंबाटकीचा घाट साताऱ्याकडून आलेल्याला आणि पुण्याकडून आलेल्याला वेगळा वाटतो, एवढंच.

तिसऱ्या प्रकारात एका बाजूशिवाय दुसरीची किंमत कळत नाही. आजारपणामुळे आरोग्य गोड लागतं, भुकेमुळे तृप्ती, थकव्यामुळे विश्रांती (111). दिवस आणि रात्र हेसिअडने दोन वेगळ्या व्यक्ती मानल्या. त्याच्या काव्यात त्या एका उंबरठ्यावर भेटतात, एक आत जाते तेव्हा दुसरी बाहेर पडते, घरात दोघी एकत्र कधीच नसतात. हेराक्लिटस म्हणतो, हा लोकांचा गुरू आणि याला दिवस-रात्र कळली नाही. त्या एकच आहेत (57).

चौथा प्रकार खरा. धनुष्य, लायर, आणि माझं सर्वात आवडतं, किकिऑन. हे ग्रीकांचं पेय: वारुणी, किसलेलं बकरीचं चीज, वरून भुरभुरवलेलं सातूचं पीठ. यातलं काहीच दुसऱ्यात विरघळत नाही. ढवळत राहिलं तर ते पेय. थांबलं की पीठ तळाला, चीज एकीकडे. ढवळलं नाही तर किकिऑनसुद्धा फाटतं, एवढंच त्याचं वचन (125). धनुष्यात वस्तू ताणावर टिकते, इथे ती हालचालीवर टिकते.

याला जोडून प्लुटार्क या नंतरच्या ग्रीक लेखकाने सांगितलेली गोष्ट आहे. गावकऱ्यांनी हेराक्लिटसला एकोप्यावर चार शब्द बोलायला सांगितलं. तो व्यासपीठावर चढला, थंड पाण्याचा पेला घेतला, त्यात सातूचं पीठ भुरभुरवलं, पुदिन्याच्या जातीच्या एका काडीने ढवळलं, पिऊन टाकलं आणि खाली उतरून निघून गेला. प्लुटार्कने तात्पर्य काढलं की आहे त्यात भागवा, म्हणजे गाव शांत राहील. मला वाटतं ढवळण्याकडे त्याचं जरा दुर्लक्ष झालं.

'एकच गोष्ट आहे आणि नाही' हा सरळसरळ तर्कदोष नाही का?

अ‍ॅरिस्टॉटलला तसंच वाटलं. एकाच गोष्टीला एकाच वेळी, एकाच अर्थाने एक गुण आहे आणि नाही असं म्हणता येत नाही, हा नियम मांडतानाच तो सांगतो की हेराक्लिटस याच्या उलट म्हणतो असं काहींचं मत आहे. आणि लगेच एक चिमटा: माणूस बोलतो ते सगळं त्याला पटलेलं असतंच असं नाही.

पण नियमातले 'एकाच अर्थाने' हे शब्द बघा. समुद्राचं पाणी माशाला शुद्ध आणि माणसाला अशुद्ध, यात अर्थ दोन आहेत. धनुष्यात दोरीची ओढ एका दिशेला आणि दांड्याची दुसऱ्या. ओढी दोन आहेत. विरोध आहे, व्याघात नाही. 'दोरी ओढते आहे आणि ओढत नाही' असं तो कुठेच म्हणत नाही. त्याची वाक्यं कोड्यासारखी असतात, हे खरं. त्याच्या लिखाणात विराम कुठे घ्यायचा हेच समजत नाही, अशी तक्रारही अ‍ॅरिस्टॉटलने केली आहे. पण कोड्यात बोलणं वेगळं आणि तर्क सोडणं वेगळं.

'युद्ध सर्वांचा बाप' असं म्हणणारा माणूस युद्धखोर नव्हता का?

ते वचन प्रसिद्ध आहे: युद्ध सर्वांचा पिता, सर्वांचा राजा, काहींना त्याने देव ठरवलं, काहींना माणूस, काहींना गुलाम केलं, काहींना मुक्त (53). संदर्भाशिवाय वाचलं तर अंगावर येतं, आणि गेल्या दोन शतकांत ते तसं वापरलंही गेलं.

त्याचा रोख समजायला हेराक्लिटसच्या आधीचा, मिलेटस या ग्रीक शहरातला विचारवंत अ‍ॅनॅक्सिमँडर पाहावा लागतो. त्याच्या मते गरम-थंड, ओलं-कोरडं एकमेकांवर अतिक्रमण करतात, तो अन्याय आहे आणि काळाच्या न्यायाने त्याची भरपाई त्यांना करावी लागते. उन्हाळ्याचा दंड हिवाळ्यात. हेराक्लिटस याला उलटवतो: कलह हाच न्याय (80). झगडा हा व्यवस्थेतला बिघाड नाही, व्यवस्था त्याच्यावरच चालते.

मात्र हेराक्लिटसने या झगड्याला मर्यादा घातली आहे, आणि ती वचनं लोक सोयीस्करपणे विसरतात. सूर्यसुद्धा आपलं माप ओलांडणार नाही, ओलांडलंच तर न्यायाच्या दासी असलेल्या सूडदेवता त्याला हुडकून काढतील (94). मस्ती ही आगीपेक्षा आधी विझवावी (43). लोकांनी कायद्यासाठी लढावं, गावाच्या तटासाठी लढतात तसं (44). तट नसलेल्या गावात लढाई होत नाही, लूट होते.

मग प्रत्येक विरोध जपायचाच का? अन्यायाचं काय?

इथे मला हेराक्लिटसला सोडून मुंबईच्या एका बॅरिस्टरकडे यावंसं वाटतं. 25 नोव्हेंबर 1949 रोजी घटना समितीत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी सांगितलं की 26 जानेवारी 1950 पासून आपण विसंगतीच्या जीवनात प्रवेश करतो आहोत. राजकारणात समता असेल, एक माणूस एक मत एक मूल्य असेल. सामाजिक आणि आर्थिक जीवनात विषमता असेल. ही विसंगती किती दिवस चालवायची, असा त्यांचा सवाल होता. ती लवकरात लवकर दूर केली नाही, तर विषमतेचे चटके सोसणारे लोक मोठ्या कष्टाने उभारलेली लोकशाहीची इमारत उडवून देतील, असा इशाराही त्यांनी दिला.

हा विरोध धनुष्याचा नाही. धनुष्यात दांडा आणि दोरी दोघंही ताण सोसतात. एकाने हात काढला तर दोघंही निकामी. जातीच्या उतरंडीत सगळा ताण एका बाजूला आणि सगळा निवांतपणा दुसऱ्या बाजूला. वरच्याने हात काढला तर खालचा निकामी होत नाही, मोकळा होतो. म्हणून कोणी 'समाजात उच्च-नीच असायचंच, विरोधातूनच सुसंवाद' असं हेराक्लिटसच्या नावावर खपवू लागला, की एक प्रश्न विचारावा: ताण कोणाच्या पाठीवर आहे?

आणि खुद्द हेराक्लिटसही इथे निर्दोष सुटत नाही. 53 व्या वचनात गुलाम आणि मुक्त ही जोडी त्याने देव आणि माणसाच्या रांगेत बसवली, जणू तीही ऋतूंसारखी आहे. गुलामांच्या बाजाराच्या जगात राहणाऱ्या खानदानी माणसाला ते खुपलं नाही. वाचणाऱ्याला खुपायला हवं.

आपल्या अर्धनारीनटेश्वरात हेच नाही का?

जवळ आहे, तेच नाही. ज्ञानदेवांनी 'अमृतानुभवा'च्या सुरुवातीला शिव-शक्तीचं वर्णन केलंय: दोन दिव्यांचा प्रकाश एक, दोन ओठांतून शब्द एक, दोन डोळ्यांची दृष्टी एक. ते जोडपं एकमेकांवर इतकं लुब्ध आहे की दोनपण नावापुरतं उरतं. तिथे ओढ आहे ती प्रेमाची, एकमेकांकडे नेणारी. हेराक्लिटसची ओढ एकमेकांपासून दूर नेणारी आहे. ज्ञानदेवांच्या ओव्या वाचून मन निवतं, त्याची वचनं वाचून निवत नाही. दोघांचा उद्देशच वेगळा.

खरं जवळचं नातं मला सांख्यांशी दिसतं, आणि तिकडे सहसा कोणी बोट दाखवत नाही. ईश्वरकृष्णाच्या 'सांख्यकारिके'त सत्त्व, रज, तम हे तीन गुण एकमेकांना दाबतात, एकमेकांचा आधार घेतात आणि एकमेकांना जन्मही देतात. त्यांचं काम चालतं कसं? दिव्यासारखं, असं तेराव्या कारिकेत म्हटलंय. टीकाकार उलगडून सांगतात की वात आणि तेल दोन्ही आगीच्या विरोधी, तरी तिघं मिळून उजेड देतात. त्याहून थक्क करणारी गोष्ट पुढेच आहे. गुण अगदी समसमान झाले, साम्यावस्था आली, की सृष्टी उरत नाही. सृष्टी आहे ती गुण असमतोल आहेत म्हणून. होमरच्या काव्यात एक वीर हळहळतो, की देवांतून आणि माणसांतून कलह नाहीसा व्हावा. हेराक्लिटसने होमरला यावरून झापल्याचं अ‍ॅरिस्टॉटल सांगतो: उंच-खालचे सूर नसतील तर संगीत नाही, नर-मादी नसतील तर जीव नाही. सांख्यांना हे शब्दशः पटलं असतं. फरक एवढाच, की त्यांच्याकडे या धुमाकुळापासून अलिप्त असा पुरुष, म्हणजे नुसता साक्षी, आहे आणि सुटकेची वाट आहे. हेराक्लिटसकडे धनुष्याबाहेर उभं राहायला जागा नाही.

यिन-यांग?

एकमेकांना पूरक बाजू, एकीत दुसरीचं बीज: साम्य आहे, पण त्या चिनी परंपरेचा कल लयीकडे आणि आळीपाळीकडे जास्त. विज्ञानातला पाहुणा म्हणून डॅनिश भौतिकशास्त्रज्ञ नील्स बोर आठवतो. 1947 साली डेन्मार्कने त्याला हत्तीचा मानाचा किताब दिला, तेव्हा त्याने आपल्या ढालीवर यिन-यांगचं चिन्ह घेतलं आणि 'विरोधी ते परस्परपूरक' अशा अर्थाचं लॅटिन ब्रीद.

आधुनिक विज्ञानाने हेराक्लिटसला खरं ठरवलंय का?

असं म्हणू नये. सूर्य माणसाच्या पावलाएवढा रुंद आहे असं त्याचं एक वचन आहे (3), त्यामुळे विज्ञानाच्या परीक्षेला त्याला न बसवणंच बरं. पण उदाहरणं हवी असतील तर तोच सूर्य घ्या. गुरुत्वाकर्षण त्याला आत चिरडू पाहतं, आतल्या तापलेल्या वायूचा दाब त्याला बाहेर फुगवू पाहतो, आणि ही कुस्ती साडेचार अब्ज वर्षं बरोबरीत आहे. रक्तातली साखर इन्सुलिन खाली आणतं, ग्लुकॅगॉन वर चढवतं.

हेगेल आणि मार्क्स यांचा याच्याशी संबंध काय?

जर्मन तत्त्वज्ञ हेगेल म्हणाला, हेराक्लिटसचं एकही वाक्य नाही जे मी माझ्या तर्कशास्त्रात घेतलं नाही. जर्मन समाजवादी लासालने 1858 मध्ये हेराक्लिटसवर जाडजूड ग्रंथ काढला. लेनिनने त्यावर टिपणं केली. पण हेगेलच्या विरोधाला पुढे जायची घाई आहे: तो वरच्या पायरीवर सामावला जातो, तिथे नवा विरोध निघतो, इतिहास सरकतो. मार्क्सवाद्यांना तर वर्गविरोध संपवायचाच आहे. हेराक्लिटसचं धनुष्य कुठेही पोहोचत नाही. बाण पोहोचतो, पण बाणाबद्दल तो बोललेला नाही.

'एकाच नदीत दोनदा पाय ठेवता येत नाही' हे त्याचंच ना?

या रूपात ते प्लेटोने सांगितलेलं आहे. अभ्यासक जास्त विश्वासाचं मानतात ते वचन वेगळं: त्याच नद्यांत उतरणाऱ्यांवरून दुसरं आणि दुसरं पाणी वाहतं (12). नदी तीच आहे, पाणी दुसरं आहे. किंबहुना पाणी बदलतं म्हणूनच ती नदी; थांबलं तर डबकं. हे किकिऑनच्या जवळ जातं, 'सगळं क्षणभंगुर' या सुस्काऱ्याच्या नाही.

घरातल्या-ऑफिसातल्या भांडणांना याचा काही उपयोग?

मर्यादित. नवरा-बायकोच्या रोजच्या कटकटीला 'सर्जनशील ताण' असं नाव देऊन कटकट कमी होत नाही. दोघांपैकी एकाला नेहमी गप्प बसावं लागत असेल तर तो ताण नाहीच, वर आंबेडकरांच्या उत्तरात आलं ते इथेही लागू. पण काही जोड्या मुद्दाम उलट बांधलेल्या असतात: लेखक आणि संपादक, फिर्यादीचा वकील आणि आरोपीचा, खर्च करणारा विभाग आणि हिशेब तपासणारा. त्यांच्यात गट्टी जमली की काहीतरी शिजतंय असं समजावं.

तो शेणात मेला हे खरं आहे का?

गोष्ट डायोजिनीझ लाएर्शियस या तत्त्वज्ञांच्या जुन्या चरित्रकाराने सांगितली आहे. माणसांना कंटाळून हेराक्लिटस डोंगरात गेला, पालेभाज्या आणि गवत खाऊन राहिला, त्याने जलोदर झाला. गावात येऊन वैद्यांना कोड्यातच विचारलं, अतिवृष्टीचा दुष्काळ करता येईल का? त्यांना कळलं नाही. मग शेणाच्या उबेने अंगातलं पाणी निघेल म्हणून त्याने स्वतःला गोठ्यातल्या शेणात गाडून घेतलं, आणि साठाव्या वर्षी मेला.

आता त्याची वचनं बघा: आत्म्याला पाणी होणं म्हणजे मरण (36), कोरडा आत्मा सर्वात शहाणा (118), प्रेतं शेणाहूनही फेकून देण्याजोगी (96). तिन्ही जोडली की ही मरणकथा तयार होते. कुणातरी जुन्या खवचट वाचकाने ग्रंथ नीट वाचून लेखकाला त्याच्याच वाक्यांनी मारलेलं दिसतं.